हळदीचा लेप आणि लेखी नोंद

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मिरज येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान हे दानाचे चार प्रकार सर्वांना परिचित आहेत. त्यांपैकी औषध आणि शास्त्र या दोहोंची गाठ आजच्या विषयात एकत्र पडते. विषय तसा घरगुती आहे. कातडीवरील जखम भरून आणणाऱ्या वनस्पती, आणि त्यांतही मुख्यतः हळद, हा तो विषय होय. औषध कितीही गुणकारी असले तरी त्याची नोंद आणि पारख झाली नाही तर ते समाजाच्या हातून कसे निसटू शकते, आणि नोंद असेल तर ते कसे परत मिळवता येते, याचे एक ठळक उदाहरण हळदीने जगापुढे ठेवले आहे.

या विषयाची चर्चा मिरजेत व्हावी, हे सर्वथा उचित आहे. मिरज हे वैद्यकीय सेवेचे गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उभारले आणि महाराष्ट्र-कर्नाटकातील रुग्णांची पावले मिरजेकडे वळू लागली. १९६२ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. मिरजेपासून अवघ्या दहा-बारा किलोमीटरवरील सांगली ही हळदीची देशातील अग्रगण्य बाजारपेठ. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. एका बाजूस शस्त्रक्रियेचे टाके आणि दुसऱ्या बाजूस हळदीचे सौदे, असा हा परिसर आहे. जखमेवर हळद दाबणारा शेतकरी आणि ती जखम धुऊन मलमपट्टी करणारा डॉक्टर हे दोघेही येथे एकमेकांचे शेजारी आहेत. त्या दोघांमध्ये संवाद घडावा, हाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

जखम भरते म्हणजे काय होते

प्रथम शरीराचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. कातडी कापली गेली की काही मिनिटांतच रक्त गोठून प्रवाह थांबतो. नंतर काही दिवस त्या जागी लाली, सूज आणि ठणका राहतो. हा दाह त्रासदायक वाटला तरी उपकारक असतो, कारण रक्तातील पांढऱ्या पेशी त्या काळात जंतू आणि मृत पेशी यांची सफाई करीत असतात. तिसऱ्या टप्प्यात नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणले जातात आणि लालसर मांसांकुर दिसू लागतात. शेवटच्या टप्प्यात हे धागे पुन्हा नीट बसवले जातात. हे काम अनेक महिने चालते, आणि एवढे होऊनही व्रणाच्या जागेची बळकटी मूळ कातडीच्या सुमारे ऐंशी टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. विणलेले कापड फाटल्यावर रफू कितीही सुबक केले तरी मूळ वीण परत येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

औषधाचे काम या क्रमातील अडथळे दूर करणे एवढेच असते. जखम भरून काढते ते शरीर.

प्राचीन ग्रंथांतील व्रणविचार

सुश्रुतसंहितेने हे तत्त्व फार पूर्वीच ओळखले होते. व्रणाच्या उपचारासाठी साठ उपक्रम त्या ग्रंथात सांगितले आहेत. त्यांतील शोधन आणि रोपण हे दोन शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. आधी व्रण शुद्ध करावयाचा आणि मगच तो भरून आणावयाचा, हा क्रम आजचा शल्यविशारदही पाळतो. जखमी मनुष्याच्या खोलीत गुग्गुळ, मोहरी, कडुनिंबाची पाने इत्यादींचा धूप द्यावा, असेही सुश्रुताने सांगितले आहे. द्रव्यांच्या वर्गीकरणात त्याने हळदीच्या नावानेच एक गण योजिला, तो हरिद्रादी गण. पुढील काळातील प्रसिद्ध जात्यादी तेलात जाईची पाने, कडुनिंब, मंजिष्ठा, हळद आणि दारुहळद यांचा समावेश आढळतो.

या परंपरेत जैन आचार्यांचे योगदानही मोलाचे आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ रचला. मद्य, मांस आणि मध यांचा आश्रय न घेता चिकित्सा करता येते, ही त्या ग्रंथाची भूमिका आहे. इतर वैद्यकग्रंथांत व्रणावर मध आणि तूप यांचे मिश्रण सांगितलेले असताना, मध वर्ज्य करून औषधे योजणे हे सोपे काम नव्हते. हा ग्रंथ हस्तलिखितांतून टिकून राहिला आणि १९४० साली पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह सोलापुरातून मुद्रित झाला. सुमारे अकरा शतके ते ज्ञान पोथीत सुरक्षित राहिले, हे शास्त्रदानाचेच फळ म्हटले पाहिजे.

हळदीच्या बाबतीत जैन घरांतील आणखी एक विवेक उल्लेखनीय आहे. ओली हळद हा कंद असल्याने व्रती मंडळी ती वर्ज्य मानतात. मात्र सुंठीप्रमाणेच वाळलेली हळद स्वयंपाकात आणि औषधात चालते.

हळकुंडातील पिवळे द्रव्य

आता या वाळलेल्या हळकुंडात नेमके काय असते, ते पाहू. अक्षय तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद सुमारे नऊ महिन्यांनी काढली जाते. कंद काहिलीत शिजवून, दोन आठवडे उन्हात वाळवून, पिंपात फिरवून त्यांना चकाकी आणली जाते आणि मग माल बाजारात येतो. या कंदाचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो, ते १८१५ साली युरोपात प्रथम वेगळे करण्यात आले. त्यास करक्युमिन म्हणतात. त्याची रासायनिक रचना १९१० साली पोलिश रसायनशास्त्रज्ञांनी निश्चित केली, तर ते काही जंतूंची वाढ रोखते असे १९४९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वाणानुसार वाळलेल्या हळदीत हे द्रव्य साधारणपणे दोन ते पाच टक्के असते. सांगलीजवळील कसबे डिग्रज येथील हळद संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘फुले स्वरूपा’ या वाणात ते पाच टक्क्यांच्या आसपास आढळते.

करक्युमिनचा स्वभाव कापडाच्या व्यवसायातील मंडळींना पुस्तकाविनाही ठाऊक असतो. पांढऱ्या धोतरावर हळदीचा डाग पडला आणि त्यास साबण लागला की तो तत्काळ तांबडा होतो. तेच धोतर उन्हात टाकले की डाग हळूहळू उडून जातो. हळदीपासून कुंकू होते तेही चुना किंवा टाकणखार यांच्या संयोगाने, याच गुणामुळे. अल्कधर्मी पदार्थात हे द्रव्य बदलते, प्रकाशात ते विघटित होते आणि पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. डाग घालविण्यास सोयीचे असलेले हे गुण औषध बनविणाऱ्यास मात्र अडचणीचे ठरतात. जखमेवर टाकलेल्या हळदीतील करक्युमिनचा किती अंश पेशींपर्यंत पोहोचतो, हा म्हणूनच खरा प्रश्न आहे. आजीबाई हळद तुपात किंवा तेलात कालवून लावीत असत, यात या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे, कारण करक्युमिन स्निग्ध पदार्थात पाण्यापेक्षा अधिक मिसळते.

जखमेत करक्युमिन काय करते, याविषयीही संशोधन झाले आहे. पेशीत दाहाची आज्ञा देणारी जी प्रथिने असतात, त्यांतील एन-एफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनास ते आवर घालते, असे प्रयोगशाळेत आढळले. १९९८ साली अमेरिकेत उंदीर आणि गिनीपिग यांच्यावर झालेल्या प्रयोगात करक्युमिन दिलेल्या प्राण्यांच्या जखमा अधिक लवकर भरल्या आणि त्यांत कोलॅजन अधिक दिसले. या ज्ञानाची किंमत मुक्या जीवांनी मोजलेली आहे, याचे भान अहिंसाप्रेमी समाजाने ठेवावे. त्यांतून जे कळले ते अतिशयोक्तीत किंवा दुर्लक्षात वाया घालवणे हे तर अधिकच अनुचित होय.

पेटंटचा खटला

या हळदीची सर्वांत मोठी परीक्षा प्रयोगशाळेबाहेर झाली. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने क्रमांक ५४०१५०४ चे पेटंट मंजूर केले. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर, हा त्याचा विषय होता. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले आणि त्याचे संशोधक भारतीय वंशाचे होते. ज्या गोष्टीसाठी कोल्हापूर-सांगलीच्या खेड्यातील आजीस कोणाची अनुमती विचारावी लागली नव्हती, तिच्यावर परदेशात मालकी हक्क नोंदला गेला.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालकपद त्या सुमारास डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्याकडे आले होते. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईत अत्यंत गरिबीत शिकलेले हे शास्त्रज्ञ. त्यांच्या नेतृत्वाखाली परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये या पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली.

येथे एक कायदेशीर बारकावा ध्यानात घेणे आवश्यक आहे. पेटंट मिळण्यास शोध नवीन असावा लागतो. तथापि अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यानुसार परदेशातील केवळ प्रचलित वापर हा नावीन्य खोडून काढणारा पुरावा ठरत नसे. परदेशातील ज्ञान छापील स्वरूपात प्रसिद्ध झालेले असेल किंवा तेथे त्याचे पेटंट घेतलेले असेल, तरच ते ग्राह्य मानले जाई. ही तरतूद पुढे बदलली आणि नवा कायदा २०१३ साली अमलात आला. १९९६ मध्ये मात्र लक्षावधी आज्या साक्षीला उभ्या राहिल्या असत्या, तरी त्यांची साक्ष कागदाअभावी निष्फळ ठरली असती.

परिषदेने कागद शोधले. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील बत्तीस संदर्भ गोळा करण्यात आले. त्यांतील काही शंभर वर्षांहून जुने होते. १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आलेला लेखही त्यांत होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने पेटंटमधील दावे फेटाळले आणि १९९८ साली त्यावर अंतिम शिक्कामोर्तब झाले. विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानावर घेतलेले पेटंट अशा रीतीने रद्द होण्याचा हा गाजलेला पहिला प्रसंग ठरला.

यातून धडा घेऊन २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग या शाखांतील ग्रंथांतील लाखो नोंदी इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत उपलब्ध करण्यात आल्या, जेणेकरून परदेशातील पेटंट परीक्षकास त्या स्वतः पाहता याव्यात. व्यापारी समाजास या गोष्टीचे मर्म अधिक सांगावे लागू नये. वहीत नोंद नसलेले येणे वसूल होत नाही.

दगडी पाल्याची गोष्ट

हळद ग्रंथांत होती म्हणून वाचली. परंतु जे ग्रंथांत नाही, त्याचे काय? ऊसतोडीत किंवा गवत कापताना विळा लागला की या भागातील मजूर बांधावरचा दगडी पाला हातावर चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळतात. यालाच एकदांडी असेही नाव आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. ती भारतात नंतर आली, त्यामुळे सुश्रुतात किंवा चरकात तिचा शोध घेणे व्यर्थ आहे. तिचा गुण कोण्या अनाम शेतकऱ्याने वा गुराख्याने अनुभवाने ओळखला. १९८२ आणि १९८३ साली भारतीय संशोधकांनी जखमेवरील तिच्या परिणामाचे निबंध वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. स्टेरॉइडमुळे मंदावलेले जखमेचे भरणे या रसाने कितपत सुधारते, याचाही त्यांत अभ्यास होता. लोकज्ञान हे प्राचीन काळीच संपले नाही, ते नित्य वाढत असते, याचा हा पुरावा होय. मात्र त्यातील फारच थोडे कागदावर आले आहे.

इतर वनस्पतींविषयीही थोडे सांगणे योग्य ठरेल. मंडूकपर्णीतील एशियाटिकोसाइड हे द्रव्य कोलॅजननिर्मितीस साहाय्य करते आणि तिच्या अर्कापासून बनविलेले मलम फ्रान्समध्ये अनेक दशके वापरात आहे. कोरफडीच्या गरातील शर्करायुक्त द्रव्ये ओलावा टिकवितात आणि किरकोळ भाजलेल्या जागी उपयोगी पडतात.

मर्यादांचे भान

पेटंट रद्द झाले याचा अर्थ हळद प्रत्येक जखमेवर गुणकारी असल्याचे सिद्ध झाले, असा मात्र नव्हे. हा वापर नवीन नाही, एवढेच त्या निर्णयाने ठरले. जुने असणे आणि खरे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात करक्युमिनवरील संशोधनाचा परखड आढावा प्रसिद्ध झाला. हे द्रव्य अस्थिर असून मनुष्यांवरील काटेकोर चाचण्यांत त्याची गुणकारिता निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही, असे त्यात म्हटले आहे. प्राण्यांवरील प्रयोग उत्साहवर्धक आहेत, परंतु मनुष्यांच्या जखमांवरील चाचण्या अद्याप संख्येने आणि आकाराने लहान आहेत. हे मान्य करण्यात परंपरेचा अवमान नाही. ‘आधी शोधन, मग रोपण’ असे सांगणाऱ्या सुश्रुताला हाच प्रामाणिकपणा अभिप्रेत असावा.

दुसरी मर्यादा शुद्धतेची आहे. हळदीस पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसेयुक्त रंग, मिसळण्याचा दुष्ट प्रकार अनेक ठिकाणी आढळला. बांगलादेशातील गर्भवती स्त्रियांच्या रक्तात आढळलेल्या शिशाचा माग हळदीपर्यंत पोहोचल्याचे २०१९ साली संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर कठोर तपासणी झाली आणि तेथील बाजारातून ही भेसळ काही वर्षांतच जवळजवळ नाहीशी झाली. व्यापाऱ्याने मनात आणले तर काय बिघडते आणि शासन व व्यापारी यांनी मनात आणले तर काय सुधारते, ही दोन्ही उत्तरे या एकाच घटनेत आहेत. शिवाय बाजारातील भुकटी शुद्ध असली तरी ती निर्जंतुक नसते. पोत्यातून, गिरणीतून आणि डब्यातून आलेली ती स्वयंपाकाची वस्तू आहे, उघड्या मांसावर टाकण्याची नव्हे.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेह्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते आणि रक्तपुरवठाही मंदावलेला असतो. चपलेचा खिळा टोचला तरी त्यास कळत नाही. अशा जखमेवर घरी हळद भरून आठ-पंधरा दिवस वाट पाहिली जाते. वरून पिवळी खपली धरते, आत पू साठत राहतो आणि रुग्ण मिरजेच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत कधी बोट, तर कधी पाऊल गमवावे लागते. त्या वेळी दोष हळदीचा नसतो, गमावलेल्या दिवसांचा असतो.

म्हणून काही साध्या गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. किरकोळ खरचटले असता जागा वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. घरगुती उपाय त्यानंतरचा. खोल जखम, गंजलेल्या लोखंडाची किंवा शेणामातीची जखम असेल तर धनुर्वाताच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जावे. कुत्रा चावल्यास ती जागा साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर हळद, चुना वा तिखट काहीही भरू नये आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. मधुमेह्याने रोज रात्री दोन्ही तळवे पाहावेत आणि पायावरील लहानशी जखमही घरी ठेवू नये.

पेव आणि पोथी

कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे जमिनीखाली पेवे खोदून हळद साठविण्याची प्रथा होती. त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती व्यवस्था मोडकळीस आली. एकाच ठिकाणी साठविलेले धन एका पुरात जाऊ शकते. घरगुती औषधांचे ज्ञानही असेच एखाद्या वृद्धेच्या स्मरणात साठविलेले असते आणि तिच्याबरोबरच ते जाते.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेस आणि तिच्या तरुण कार्यकर्त्यांस या निमित्ताने एक कार्य सुचविण्यासारखे आहे. परिसरातील वृद्ध स्त्री-पुरुषांकडून जखमांवरील पाल्याची आणि लेपांची माहिती लिहून घ्यावी. वनस्पतीचे स्थानिक नाव, तिचा कोणता भाग, किती प्रमाणात, कशात कालवून, कोणत्या जखमेवर आणि कोणत्या जखमेवर नाही, हे सर्व त्यात असावे. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख नोंदवावी. वनस्पतीची ओळख जाणकारांकडून पटवून घ्यावी आणि वहीची एक प्रत ग्रंथालयात, तर दुसरी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभ्यासकांकडे द्यावी. उपाय खरा ठरला तर तो सर्वांचा होईल. खोटा ठरला तर तेही लिहून ठेवावे, म्हणजे त्या भरवशावर पुढील पिढीतील कोणाचे पाऊल जाणार नाही.

औषध देणे हे दान आहे. त्या औषधाचे गुण आणि मर्यादा प्रामाणिकपणे लिहून पुढील पिढीच्या हाती देणे, हेही तितकेच मोठे दान होय.

जय जिनेंद्र.